येळवशीला मीटिंग?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. बाहेर जर्मनीतल्या बॉनचा भुरभुर पाऊस आणि टेबलावर लातूरकडच्या एका संस्थेचा, तिथल्या सहा गावांसाठीचा प्रस्ताव. बायकांना शिलाई मशीन, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, मग गावातच उत्पन्न. अशा कामांना पैसा देणारी आमची संस्था लहान आहे, लोकांच्या देणग्या आणि थोडा सरकारी पैसा यांवर चालते. भारतातून येणाऱ्या अर्जांची पहिली चाळणी माझ्याकडे असते. अर्जात एक रकाना ठरलेला: आराखडा करताना स्थानिक गटांना कसं सामील करून घेतलं? तिथं लिहिलं होतं की अमुक तारखेला समाजमंदिरात बैठक झाली, बचत गटांच्या ११४ महिला हजर होत्या.

तारीख डिसेंबरअखेरची, आणि मला उगाचच ओळखीची वाटत होती. घरी आल्यावर मागच्या वर्षाचं कालनिर्णय काढलं (आई दरवर्षी पाठवते, मी टाकून देत नाही). त्या खणात काळा गोल. मार्गशीर्ष अमावस्या. म्हणजे आमची येळवस!

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे गावात माणूस सापडत नाही. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, त्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि मग शेतातच पंगत: भज्जी, आंबील, उंडे, खीर, धपाटे. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून नेतंच. कलेक्टरसुद्धा त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. बायका आदल्या रात्री झोपलेल्याच नसतात, कारण भज्जी पहाटे चुलीवर चढते. आणि अशा दिवशी ११४ बायका समाजमंदिरात सतरंजीवर बसून शिलाई मशीनवर चर्चा करत होत्या म्हणे!

आईला फोन लावला. ती आधी हसली. मग म्हणाली, "अगं माय, येळवशीला मीटिंग? कागदावरच झाली असंल. आन् तू त्याच्यावर काय करूलालीस?"

खरंच, काय करणार? अर्ज करणाऱ्या त्या संस्थेला मी सरसकट लबाड म्हणणार नाही. त्यांचं कामही वाईट नव्हतं. पण अर्ज इंग्रजीत, मुदत सहा आठवड्यांची, आणि लोकांना विचारायला जो वेळ-पैसा लागतो त्याला अर्जाआधी कुणी एक पैसा देत नाही. मग बैठक 'झालेली' असते. आमच्यासारख्या देणाऱ्यांनीच ती सवय लावलेली आहे.

इथं जर्मनीत राहून हे जास्तच टोचतं. गेल्या वर्षी आमच्या भागात एका रिकाम्या जागेवर घरं बांधायचा विचार निघाला, तर पेटीत पत्र आलं: संध्याकाळी साडेसहाला शाळेच्या हॉलमध्ये या, नकाशा बघा. इथल्या बांधकाम कायद्यात लोकांना आधी विचारणं सक्तीचं आहे. पुढे आराखडा साधारण महिनाभर सगळ्यांसमोर ठेवतात आणि कुणी हरकत घेतली तर तिचा विचार करावा लागतो. मी परदेशी बाई, मतदानाचा हक्क नाही, तरी मलाही बोलता आलं. एक आजोबा एका लिंडनच्या झाडासाठी पाऊण तास भांडले. अधिकारी बाई मुकाट्याने लिहून घेत होत्या. मला कंटाळा आला होता, खोटं कशाला सांगू? पण परत येताना वाटलं, इथे एका झाडासाठी पाऊण तास आणि तिकडे सहा गावांसाठी एक रकाना.

याच देशात ऐंशीच्या दशकात विकासप्रकल्प आखायची एक पद्धत निघाली. सगळ्यांनी मिळून भिंतीवर रंगीत कार्डं लावायची, आधी अडचणींचं झाड आणि मग उद्दिष्टांचं. जर्मन नावाचं लघुरूप 'त्सोप'. मराठीत वाचलं तर झोप. कितीतरी कार्यशाळांना ते नाव अगदी शोभतं.

पण विचारून केलेलं आणि न विचारता केलेलं, दोन्ही मी लहानपणी एकाच जिल्ह्यात पाहिलंय.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट. मी सात वर्षांची, गाव औसा तालुक्यात. आमच्या घराची एक भिंत फाटली, माणसं वाचली. मामाच्या गावाला तसं नशीब नव्हतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ते झोपेतल्या माणसांवर आलं. किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसं गेली. नंतर जागतिक बँकेच्या कर्जावर मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. जमीन किती यावर घर ठरलं: अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फूट.

मामाचं नवं गाव मला आठवतं ते सरळ रेघांचं. रुंद रस्ते, सारख्या अंतरावर घरं, शहरातल्या कॉलनीसारखं. गल्ली नाही, ओसरी नाही, जनावरं बांधायची कुठं याचं उत्तर नाही. आजी म्हणायची, "हाक मारली तर कुणाला ऐकू येत न्हाई." कित्येकांनी त्या पक्क्या घराशेजारी पत्र्याचं शेड मारलं आणि रात्री तिथंच झोपू लागले, कारण डोक्यावर स्लॅब नको वाटायचा. इंजिनियर हुशार होते, हेतूही चांगला होता, आणि घरं मजबूत आहेत. आजी ओसरीवर बसून दिवस काढते हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या गावाचं वेगळं झालं. ज्या गावांत घरं पडली नाहीत, नुसती तडकली, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना होती. लातूर-उस्मानाबादच्या हजाराहून जास्त गावांत लोकांना सामील करून घ्यायचं काम प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे आलं, आणि त्यांनी गावोगावच्या महिला मंडळातल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या. माझी एक चुलती त्यात होती. चौथी शिकलेली. तिच्या हातात वही आणि टेप. कुणाचा हप्ता अडला, कुणाच्या भिंतीत आडवा पट्टा घातला नाही, सगळं तिला तोंडपाठ. एकदा ओव्हरसियर म्हणाला, "बाई, तुम्हाला काय कळतंय?" तर तिनं भिंतीच्या कोपऱ्यात बोट घालून त्याला माती काढून दाखवली. गाव हे अजून सांगतं. ती आज सत्तरीला आलीय आणि सरकारी माणूस दिसला की अजून वही काढते.

विचारून केलेल्याचं आणखी एक उदाहरण. जालन्याजवळचं कडवंची तुमच्यापैकी बऱ्याच जणांना द्राक्षांमुळे माहीत असेल. तिथलं पाणलोटाचं काम इंडो-जर्मन कार्यक्रमातलं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं उभं केलेलं. या कार्यक्रमात गावानं आधी श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, मग पैसा. आणि बांध कुठं घालायचा ते शेतकऱ्याला त्याच्याच शेतात उभं करून ठरवायचं, शक्यतो नवरा-बायको दोघांना. इथं ऑफिसात मी हे सांगते तेव्हा सहकारी आश्चर्याने बघतात. पैसा त्यांच्याच देशाचा होता, आणि ही रीत तेच विसरलेत.

आता कायद्याचीही एक अडचण झालीय. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला. ज्या संस्थेला बाहेरून पैसा आला तिला तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. हिशोब चोख असावा हे मान्य. पण गावातलं महिला मंडळ आता प्रकल्पात 'सहभागी' असतं, त्याच्या नावावर पैसा मात्र येत नाही. फुकट सल्ला देणारी चुलती.

तर, मी साहेबांना म्हटलं, प्रस्ताव फेटाळू नका. आधी नुसतं विचारायला थोडे पैसे द्या, तीन महिने द्या. ते म्हणाले, याला खर्चाचा हेड कुठला? दोन आठवडे गेले हेड शोधण्यात. शेवटी 'तयारी' या नावाखाली बसवलं. त्या संस्थेला तारखेबद्दल मी एकच ओळ लिहिली: 'त्या दिवशी येळवस होती.' उलट उत्तर आलं नाही. पण पुढची बैठक कधी ठेवावी, हे त्यांनी मलाच विचारलं.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "संक्रांतीनंतर ठेव. हळदीकुंकवाला बोलाव, झाडून येतील."

"आणि ज्यांचे नवरे गेलेत त्या?"

आई गप्प झाली. आमच्या भागात, कर्जापायी गेलेल्यांच्या गावात, ही संख्या थोडी नाही. आणि शेतीचा सगळा भार त्याच ओढतात. थोड्या वेळानं म्हणाली, "मग कुंकू ऱ्हाऊ दे. तिळगूळ म्हण. वाण सगळ्यांना एकच दे."

बैठक जानेवारीत झाली, दुपारी दोनला, म्हणजे खुरपणीवरून लवकर सुटून येता येईल अशी. संस्थेनं व्हिडिओ पाठवला. सुरुवातीला अर्धा तास कुणी बोलेना. मग मागच्या रांगेतली, वस्तीवरची एक बाई उठली आणि म्हणाली, मशीन नको, गावात आधीच नऊ हायत, पोत्याखाली. इथं कोण कपडे शिवून घेतं? सगळे तयार आणतेत. त्यावर हशा. मग जी सुरुवात झाली! तूर कच्ची विकून लातूरला डाळ होते आणि तीच डाळ आपण विकत आणतो. मग अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या मिनी डाळ मिलचं नाव निघालं. लगेच दुसरी म्हणाली, शेतात नको, गावठाणात ठेवा, शेतातली थ्री फेज रात्रीची येते, रात्री बारा वाजता डाळ भरडायला कोण जाणार? हे वाक्य मी जर्मनमध्ये भाषांतर करून फाइलला लावलंय. त्याच्यावर साहेबांनी पेन्सिलीनं उद्गारचिन्ह काढलं.

डाळ मिलचा प्रस्ताव अजून मंजूर व्हायचाय. सध्या तो हिशोबनीसांच्या टेबलावर अडलाय. काल त्यांनी मला बोलावून एक पावती दाखवली, औशाच्या भांड्यांच्या दुकानाची. स्टीलच्या वाट्या, नग १३०. ते विचारत होते, बैठकीला इतक्या वाट्या कशाला लागल्या?