वाळूच्या ढिगाचा धनी कोण?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, कार्पेंटारियाच्या आखातातल्या ग्रूट आयलंड या बेटावर नॉर्दर्न हॉपिंग माऊस, म्हणजेच नोटोमिस अक्विलो, हा मागच्या लांब पायांवर टुणटुण उड्या मारणारा संकटग्रस्त उंदीर राहतो. त्याचे बहुतेक भाईबंद त्या खंडाच्या कोरड्या, वाळवंटी मुलखात आढळतात. हा मात्र वर्षातले काही महिने पावसाने झोडपल्या जाणाऱ्या आणि उरलेले महिने वणव्यांनी होरपळणाऱ्या उष्ण कटिबंधीय सॅव्हानात टिकून आहे.

अशा प्राण्याला नेमका कोणता अधिवास मानवतो, हे ठरवण्यासाठी आधी तो कोठे आहे हे कळावे लागते आणि खरी अडचण येथेच आहे. तो निशाचर आहे, संख्येने थोडा आहे आणि पत्र्याच्या नेहमीच्या पिंजऱ्यात सहसा शिरत नाही. त्यामुळे संशोधक बराच काळ त्याच्या बिळांच्या खुणांवर विसंबून राहिले. हॉपिंग माऊस बीळ खणताना वाळू एका तोंडातून बाहेर उपसतात, मग आतून वरच्या दिशेने उभे भुयार काढतात आणि पहिले तोंड बुजवून टाकतात. परिणामी ढीग एकीकडे दिसतो, तर ये-जा करण्याचे स्वच्छ गोल छिद्र दुसरीकडे, आणि त्याच्या कडेला मातीचा कणही नसतो. (ही युक्ती पाहून मला नेहमीच कौतुक वाटते.) तोंड न दिसणारा ढीग म्हणजे हाच उंदीर, असे समीकरण त्यातून रूढ झाले.

प्रत्यक्षात त्याच बेटावर राहणारा, आकाराने बराच लहान असलेला डेलिकेट माऊस, स्युडोमिस डेलिकॅट्युलस, हाही तसेच ढीग करतो, हे बिळांवर लक्ष ठेवल्यावर उघड झाले. माझ्या मते ही चूक दिसते त्याहून गंभीर आहे, कारण ढीग मोजून काढलेला अधिवासाचा निष्कर्ष दोन वेगळ्या प्राण्यांच्या सवयींची सरमिसळ ठरतो आणि दुर्मीळ प्राणी आहे त्यापेक्षा मुबलक भासतो. बेटावर मँगनीजची मोठी खाण आहे आणि तिथे जमीन खणताना हा प्राणी नेमका कोठे राहतो हे महत्त्वाचे ठरते, त्यामुळे अशा चुकीची किंमत कागदापुरती राहत नाही.

जमिनीत पुरलेले खड्डे-सापळे, कॅमेरे आणि रेडिओ ट्रान्समीटर यांच्या साहाय्याने जे चित्र हाती आले, ते अधिक मर्यादित आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह आहे: खणायला सोपी वालुकामय जमीन आणि झाडाझुडपांखाली उड्या मारण्याजोगी मोकळी जागा. मोकळेपणाचा प्रश्न मात्र सरळ नाही. उघड्या जमिनीवर हा उंदीर वेगाने पळतो, हे खरे. पण वणव्याने आच्छादन पार नाहीसे झाले, तर बेटावरच्या रानटी झालेल्या मांजरांनाही शिकार सोपी जाते.

ज्या जुन्या नोंदी केवळ ढिगांच्या आधारे झालेल्या आहेत, त्या आता या उंदराच्या आढळाच्या नकाशावरून तात्पुरत्या बाजूला ठेवून त्या ठिकाणी पुन्हा कॅमेरे लावायला हवेत.