रेवस–रेडी, टप्पा दुसरा: जयगडला नाक घासलं

पहिला टप्पा ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ ही बुटकी, वेगवान गाडी घेऊन रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गानेच जायचं, महामार्ग ६६ला शिवायचं नाही आणि पुढचा बंपर कुठेही खरवडू द्यायचा नाही. मागच्या वेळी हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा आला होता. २२५/४० आर१८ टायर म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामध्ये जेमतेम ९ सेंटिमीटर रबर. टायर बदलून झाला, खर्चाचा विषय नको.

या टप्प्यात खड्ड्यांपेक्षा खाड्यांची धास्ती जास्त होती. बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड: सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री, तिन्ही फेरीबोटीने ओलांडायच्या. भरतीला बोट जेट्टीच्या वरच्या, कोरड्या भागाला लागते. ओहोटीला ती उताराच्या पार तळाशी जाते. मग बोटीची झडप, म्हणजे गाड्या चढ-उतरायची फळी, खाली उतरते, जेट्टी वर चढते आणि दोन्हींच्या मधल्या खोबणीत आमच्यासारख्यांचं नाक जातं. एसयूव्हीवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

वेळ काढायला ॲप लागत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. आमची निघायची तिथी एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठला पूर्ण भरती आणि अडीचच्या सुमाराला ओहोटी. शिवाय अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटीचा काळ, नुकताच सरलेला, उधाण अजून लांब, त्यामुळे पाण्याची चढउतारही बेताची. तिन्ही खाड्या दीडच्या आत ओलांडायच्या असं ठरलं. हे मावसभावाला मी आदल्या रात्री दोनदा सांगितलं होतं. पुढच्या मजकुरासाठी लक्षात ठेवा.

सकाळी गाडी काढली तर चारही डिस्कवर नारिंगी गंज. रात्रभर समुद्राचा वारा लागला की असंच होतं. पहिले दोन-तीन ब्रेक जात्यासारखे घरघरतात, मग डिस्क लख्ख. आठच्या सुमाराला बागमांडल्याहून बोटीत चढलो, वेसवीला उतरलो, कुठे चर्र नाही.

तिथून केळशी, आंजर्ले, हर्णै करत दापोली. ३७० न्यूटन मीटर टॉर्क इथे कशाला, असं मला विचारणारे बरेच आहेत. त्याचं उत्तर याच पट्ट्यात मिळतं. एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसरीकडे माड, पुढे लाल एसटी आणि मोकळा सरळ रस्ता मिळाला तर मिळाला दोनशे मीटर. डीएसजीला, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, डी मध्ये मोकळं सोडलं तर ती पेट्रोल वाचवायला वरचा गियर धरून बसते आणि पाय दाबल्यावर क्षणभर विचार करते. तेवढ्यात सरळ रस्ता संपतो. म्हणून स्टिअरिंगमागच्या पॅडलने तिसरा गियर आधीच घालून ठेवायचा, टर्बो जागा राहतो, हॉर्न द्यायचा आणि एसटीच्या चालकाने हात दाखवला की एका दमात पुढे. वेग जास्तीत जास्त सत्तर. गंमत वेगात नाहीच, तो किती पटकन येतो आणि ब्रेकवर किती पटकन जातो त्यात आहे. दापोलीच्या पठारावरून दाभोळला उतरताना मात्र दुसरा गियर आणि संयम. वळणावर एक गाय बसली होती, ती आमच्याकडे बघून उठलीसुद्धा नाही.

साडेअकराला दाभोळ. पाणी बऱ्यापैकी उतरलेलं, पण बोटीवरच्या पोऱ्याने आमचा बंपर बघून आपणहून सांगितलं, "दादा, तिरपी घ्या." तिरपी घेतली की एका वेळी एकच चाक खोबणीत उतरतं आणि नाक बाजूने सुटतं. धोपाव्याला बोटभर अंतर राखून सुटलो.

इथपर्यंत वेळापत्रक शाबूत होतं. गुहागरला मावसभावाला सुरमई दिसली. एकादशी आहे, भरतीचं काय, दोन्ही युक्तिवाद वाया गेले. तळलेली तुकडी खरोखर चांगली होती, मी दोन खाल्ल्या. तवसाळला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

जयगडच्या बाजूला बोट तळाशी लागली. काँक्रीटवर हिरवं शेवाळ, त्यावर पाण्याचा पातळ थर. तिरपी घ्यायला जागा नाही, शेजारी टेम्पो. अलगद पुढे घेतली आणि आवाज आला. पाटीवर खिळा ओढल्यासारखा, लांबलचक. त्यात भर म्हणजे पुढची चाकं फिरायला लागली. २४५ घोडे आणि शेवाळ यांचं जमत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा फडफडायला लागला तसा मी पाय काढला आणि ॲक्सिलरेटर अगदी केसभर दाबून धरला. पुढचं इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल पकड असलेल्या चाकाकडे जोर देतं हे माहितीपत्रकात वाचलं होतं, इथे ते हाताला जाणवलं: स्टिअरिंग हळूच उजवीकडे ओढलं गेलं, उजव्या चाकाने कोरडं काँक्रीट धरलं आणि गाडी वर आली. मावसभाऊ आधीच उतरून व्हिडिओ काढत होता.

नुकसान: बंपरच्या खालच्या काळ्या ओठावर वीतभर ओरखडा. रंगावर काही नाही. मी तरी तो मोजणार आहे, नियम नियम आहे.

गणपतीपुळ्यापुढे आरे-वारेचा रस्ता, खाली दोन्ही पुळणी आणि उतरतं ऊन. काचा खाली, चाळीसचा वेग, पाठीमागे हॉर्न वाजवणाऱ्याला पुढे जाऊ दिलं. रत्नागिरीत ट्रिपमीटर १८२, सरासरी लिटरला ९.८. रात्री पाण्याचा फवारा मारून गाडीचा तळ धुतला, फेरीबोटीचं खारं पाणी चाकाच्या कमानीत साचून राहतं ते आधी काढायचं.

तिसऱ्या टप्प्यात भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, सगळीकडे पूल आहेत. पंचांग घरी ठेवणार. मावसभावाचं अजून ठरलेलं नाही.