इंजिन बदललेल्या गाडीत एसीचा प्रेशर सेन्सर बसवताना

इंजिन बसलं, गाडी झकास चालायला लागली, एसी मात्र राहून गेला. इंजिन बदललेल्या गाडीचा एसी म्हणजे दोन गाड्यांचा संसार असतो. कंडेन्सर, कूलिंग कॉइल जुन्या गाडीचे. कॉम्प्रेसर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) नव्या इंजिनाबरोबर आलेले. माझ्याकडे ड्रायरवर, म्हणजे गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या डबीवर, दोन वायरींचा साधा प्रेशर स्विच होता. नव्या ईसीयूला हवा होता तीन वायरींचा सेन्सर: एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थिंग आणि तिसरीवर दाबाप्रमाणे कमीजास्त होणारा सिग्नल. हा सिग्नल दिसला नाही की ईसीयू कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा) लागूच देत नव्हता.

सल्ले भरपूर मिळाले. "सरळ जंपर टाक," म्हणजे स्विचची दोन टोकं वायरीने थेट जोडून टाक. किंवा दोन रेझिस्टर लावून ईसीयूला कायम मधलाच व्होल्टेज दाखव. एसी त्याच दिवशी सुरू झाला असता. पण कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस गळून गेला की कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. उलट, पंखा बंद पडला तर दाब चढतच जातो. साधा स्विचसुद्धा साधारण ३० पीएसआय (दाबाचं माप) च्या खाली आणि ४०० च्या वर क्लच तोडतो, तो यासाठीच. त्यात आपल्या गाडीत पंखे, पाइप, रिले सगळंच नव्याने जुळवलेलं. अशा गाडीला राखण जास्त लागते. जंपर टाकायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

सेन्सरसाठी कंडेन्सर ते ड्रायर हा हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा पाइप निवडला. त्यावर पोर्ट नव्हता, म्हणून दुसऱ्या एका गाडीच्या पाइपचा पोर्ट कापून आर्गन वेल्डिंगने जोडून घेतला. आटे बरोबर जुळले. ड्रायर नवा घेतला, ओ-रिंगला कॉम्प्रेसर ऑइल लावलं, पाऊण तास व्हॅक्यूम केला, तो टिकतोय हे पाहिलं आणि वजन करून आर-१३४ए हा एसीचा गॅस भरला.

बटण दाबलं. काहीच नाही.

गेजचे दोन्ही काटे ९५ पीएसआयच्या आसपास. ३० अंशांच्या हवेत बंद सिस्टीममध्ये एवढा दाब असायलाच हवा. स्कॅनरवर मात्र जवळजवळ शून्य! ५ व्होल्ट येत होते, अर्थिंग पक्कं होतं, सिग्नलची वायर ईसीयूपर्यंत सलग होती. सेन्सरच खराब निघाला असं धरून दुसरा मागवणार, एवढ्यात वेल्डिंगचा दिवस आठवला. उष्णतेने रबर जळू नये म्हणून पोर्टमधली पिन काढून ठेवली होती आणि नंतर मीच ती परत बसवली होती. टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशीच ही पिन. मूळ गाडीच्या स्विचला ती दाबणारा खुंट असतो, त्यामुळे गॅस न सोडता स्विच बदलता येतो. माझ्या सेन्सरला तो खुंट नव्हता. गॅस पिनपाशीच अडून बसला होता.

मशीनने गॅस परत काढून घेतला, पिन काढली, नवी ओ-रिंग, पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा गॅस. या वेळी स्कॅनरवर ९३ आला. तो आकडा बघून किती बरं वाटलं म्हणून सांगू!

जुना दोन वायरींचा स्विच मी फेकला नाही. नव्या ड्रायरवर बसवून तो एसीच्या बटणाकडून ईसीयूकडे जाणाऱ्या वायरीत घातला. क्लचच्या वायरीत मुद्दामच नाही. तिथे घातला तर स्विच तुटल्यावरही ईसीयूला कॉम्प्रेसर चालूच आहे असं वाटतं आणि आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) उगाच चढलेलं राहतं. क्लचला करंट रिलेमधूनच दिला. एवढ्याशा स्विचच्या कॉन्टॅक्टवर तो भार टाकायचा नसतो.

पंख्याचा रिलेही जुन्या टेंपरेचर स्विचवरून काढून ईसीयूला जोडला. मग गाडी उभी ठेवून कंडेन्सरपुढे पुठ्ठा धरला, नजर गेजवर. दाब चढत गेला, २३० च्या आसपास पंखा मोठ्या वेगावर गेला, तसा पुठ्ठा बाजूला केला. काटा हळूहळू खाली आला. शेवटी सेन्सरचं कनेक्टर उपसून पाहिलं: टक् करून क्लच सुटला आणि आयडलिंग जागेवर आलं. कनेक्टर परत लावलं, तिन्ही वायरींचे रंग कागदावर लिहिले आणि तो कागद फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून टाकला.