एकच आभाळ, तीन ऋतू

वरून गडद, खाली फिकं होत जाणारं आभाळ. जलरंगाचा हा एवढाच वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग पातळ थर, मी गेलं वर्षभर निरनिराळ्या पृष्ठभागांवर मारत होते.

सुरुवात भर उन्हाळ्यात केली. कागद ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत, पूर्ण कॉटनचा. महाग कागद घेतला म्हणजे अर्धं काम झालं, असा माझा समज! पहिली पट्टी ओढून पॅलेटकडे वळेपर्यंत तिची कड वाळून जाई आणि दुसरी तिच्यात मिसळतच नसे. शेवटी कागद मागून-पुढून भिजवला, काचेवर चिकटवला आणि पंखा बंद केला. मी घामाघूम, पण आभाळ एकसंध आलं.

पावसाळ्यात नेमकं उलट. वॉश वाळता वाळेना. वरची चकाकी गेली म्हणून ढग काढायला ब्रश टेकवला, की त्यातलं पाणी रंगाला ढकलत नेई आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठे. असे सात-आठ कागद वाया गेल्यावर एक सवय लागली: हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावायची. गार लागला तर आत अजून ओल आहे. याच दिवसांत युपो नावाचा प्लॅस्टिकचा कागद वापरायची दुर्बुद्धी सुचली. तो पॉलिप्रॉपिलीनचा, पाणी शोषतच नाही. जे वाळायचं ते हवेतच. सकाळचं चित्र रात्री बोटाला लागलं. एक मात्र खरं, ओल्या फडक्याने पुसलं की बराचसा रंग निघतो.

थंडीत पुन्हा जुने कॉटनचे ताव काढले. ब्रश टेकवताच जागोजागी गडद ठिपके; कागद टीपकागदासारखा रंग पिऊ लागला. दोन दिवस मी स्वतःच्या हातालाच दोष दिला. मग लक्षात आलं, ताव पावसाळाभर टेबलावर उघडेच पडले होते. कागदाला शोषणावर ताबा ठेवणारं साइझिंग असतं, बहुधा जिलेटिनचं. दमटपणाने ते खराब झालं होतं.

फेकवेनात. त्यांच्यावर वॉटरकलर ग्राउंडचे, म्हणजे जलरंग धरणाऱ्या लेपाचे, दोन पातळ हात दिले आणि २४ तास वाळू दिले. त्यावर रंग फार सहज उचलला जातो, दुसरा थर द्यायला गेलं की खालचा हलतो. म्हणून आभाळ एका दमात उरकलं. ग्राउंड लावतानाच्या ब्रशच्या रेघा त्यात स्पष्ट दिसतात, पण ठिपके नाहीत. नवे ताव आता झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.