ईएमएमसीचं पार्टिशन टेबल बूटलोडरकडूनच लिहून घेताना: माझा अनुभव

आमच्या बोर्डवर रॉकचिपचा आरके३३९९ हा प्रोसेसर आणि १६ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डवरच बसवलेली साठवणुकीची चिप, आहे. पूर्वी पीसीवर एक अख्खी इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) बनवून तीच प्रत्येक बोर्डवर चढवायचो. मग ईएमएमसी दुसऱ्या कंपनीची येऊ लागली. लेबलवर १६ जीबीच, पण आतले सेक्टर (५१२ बाइटचे कप्पे) कमी-जास्त. जीपीटी म्हणजे डिस्कचे विभाग कुठून कुठपर्यंत आहेत हे सांगणारं पार्टिशन टेबल; त्याची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटी लागते. मोठ्या चिपवर ती अलीकडेच कुठेतरी अडकायची, लहान चिपवर इमेजच मावायची नाही. म्हणून ठरवलं, बोर्डानेच आपली चिप मोजून टेबल लिहावं.

यू-बूट या आमच्या बूटलोडरमध्ये, म्हणजे बोर्ड चालू होताच ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, याची सोय आहे. 'पार्टिशन्स' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (यू-बूटच्या सेटिंगमध्ये) विभागांची नावं, सुरुवात आणि आकार ओळीने लिहायचे आणि 'जीपीटी राइट' ही कमांड द्यायची. शेवटच्या विभागाच्या आकाराच्या जागी नुसती आडवी रेघ दिली, की उरलेली सगळी जागा त्याला मिळते. माझ्या मूळ अडचणीचं उत्तर एवढंच होतं.

रॉकचिपसाठी तयार आराखडाही मिळतो: लोडर१, लोडर२, ट्रस्ट, बूट, रूटएफएस (मुख्य फाइलसिस्टिमचा रूट विभाग). त्यातले आकडे सहज बदलू नयेत. प्रोसेसरच्या आतला बूट रॉम (सगळ्यात आधी चालणारा कायमचा कोड) पहिला लोडर ६४व्या सेक्टरवर, म्हणजे ३२ किलोबाइटवर शोधतो. जीपीटी सुरुवातीचे ० ते ३३ सेक्टर घेते, त्यामुळे इथे टक्कर होत नाही. ऑलविनर या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवर हे सुख नाही. तिथला रॉम १६व्या सेक्टरवर बघतो आणि नेहमीच्या जीपीटीच्या नोंदी नेमक्या तिथूनच जातात. आमच्या आराखड्यात लोडर१ ४०३२ किलोबाइटला संपतो, आणि यू-बूटचं जतन केलेलं एन्व्हायर्नमेंट ४०६४ पासून ३२ किलोबाइट असतं. लोडर१ जरा ऐसपैस करावा असा मोह झाला, तर आधी हे गणित बघावं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो यूयूआयडीवर, म्हणजे विभागाच्या ओळख क्रमांकावर. त्या तयार आराखड्यात रूटएफएसचा यूयूआयडी कायमचा लिहून ठेवलेला आहे. मुळात तो ६४-बिट आर्मच्या रूट विभागाचा 'प्रकार' दाखवणारा क्रमांक, इथे मात्र त्या एका विभागाची ओळख म्हणून वापरला आहे. परिणाम असा, की ईएमएमसी आणि एसडी कार्ड दोन्हींवर हाच आराखडा लिहिला, की दोन्ही रूट विभागांची पार्टयूयूआयडी (विभागाचा यूयूआयडी) एकच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला रूट त्या क्रमांकावरून शोधायला सांगितलं, की आधी सापडेल ते माउंट. ईएमएमसीवरून बूट केलेलं बोर्ड कार्डावरची जुनी फाइलसिस्टिम दाखवत बसलं, आणि केलेले बदल दिसेनात. मी त्या जागी रिकामं व्हेरिएबल दिलं. रँडम यूयूआयडीचा पर्याय चालू असेल, तर यू-बूट स्वतः नवा क्रमांक बनवतं. मग 'पार्ट यूयूआयडी' कमांडने पाचव्या विभागाचा क्रमांक उचलून बूटआर्ग्जमध्ये (कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये) टाकायचा.

टेबल तपासणारं 'जीपीटी व्हेरिफाय' नापास झालं की लगेच 'जीपीटी राइट', असं काही जण प्रीबूटमध्येच (यू-बूट सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) टाकतात. मला ते पटत नाही. वीज गेल्याने टेबलची पहिली प्रत बिघडली, तर आतला डेटा जागेवर असतो, पण नवं टेबल लिहिताना यूयूआयडी बदलू शकतात. शेतात बसवलेल्या यंत्राला हे परवडत नाही. तिथे राखीव प्रतीवरून दुरुस्ती करणारं 'जीपीटी रिपेअर' बरं. ते नव्या यू-बूटमध्ये आहे.

टेबल लिहिण्याचं काम आम्ही कारखान्यातच ठेवलं आहे. बोर्ड यूएसबीने जोडायचा, फास्टबूट या पीसीवरून बोर्डला कमांड पाठवणाऱ्या साधनाची 'ओईएम फॉरमॅट' कमांड द्यायची. ती आतून तेच 'पार्टिशन्स' व्हेरिएबल वाचून जीपीटी लिहिते. नाव फॉरमॅट असलं, तरी फाइलसिस्टिम काही ती बनवत नाही. फाइलसिस्टिमची इमेज त्यानंतर विभागाच्या नावाने वेगळी फ्लॅश करावी लागते.