फ्लॉपी ड्राइव्हची रॉम बदलली, पण त्याआधी कस्टमवाल्यांशी गाठ पडली

आधीच सांगून टाकतो, कमोडोर या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या फ्लॉपी ड्राइव्हचं फर्मवेअर (म्हणजे त्याच्या आतला कायमचा प्रोग्राम) अपग्रेड करणं हे काही फार मोठं काम नाहीये. इथे डाउनलोड करून बटण दाबायचा प्रकार नाही, फर्मवेअर रॉमच्या चिपमध्ये असतं, त्यामुळे जुनी चिप उपटायची आणि नवी बसवायची, झालं. वैताग आहे तो नवी चिप घरापर्यंत आणण्याचा, आणि हे सगळं टाइप करतोय ते मुख्यतः त्यासाठीच, कारण अजूनही त्या कस्टम ऑफिसच्या स्टॉपवर बस थांबली की माझं डोकं फिरतं.

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या जर्मनीत. आपल्याकडे कमोडोर ६४ फारसा कोणी पाहिलेला नसतो, इकडे मात्र पन्नाशीच्या आसपासच्या कोणाशीही बोला, बालपण त्याच्यासमोर गेलेलं असतं, ब्राउनश्वाइगला तर कमोडोरचा कारखानाच होता. ऑफिसातल्या एका सीनियरने माळा साफ करताना त्याचा सी-६४ आणि १५४१-टू ड्राइव्ह मला देऊन टाकला, म्हणाला घेऊन जा नाहीतर भंगारात जाईल. दोन्ही चालू! फक्त तो ड्राइव्ह इतका संथ की गेम लोड व्हायला ठेवून चहा करावा, तो प्यावा, कप धुवावा, तरी निळ्या स्क्रीनवर आपलं LOADING च.

हा संथपणा का आहे हे वाचायला लागलो आणि त्यातच अडकलो. सेकंदाला जेमतेम ४०० बाइट. म्हणजे ५० केबीचा गेम असेल तर दोन मिनिटं सहज गेली. गंमत म्हणजे फ्लॉपीचं मेकॅनिझम एवढं स्लो नाहीये, मार खातो तो केबलमधून डेटा पाठवण्यात. कमोडोरच्या आधीच्या व्हिक-२० कॉम्प्युटरमध्ये ६५२२ नावाची चिप होती, तिच्या शिफ्ट रजिस्टरमध्ये (बिट ओळीने पाठवणाऱ्या भागात) घोळ निघाला, मग हार्डवेअरने जे काम व्हायचं ते सॉफ्टवेअरने एकेक बिट ढकलत करायचं ठरलं. १९८२ ला सी-६४ आला तेव्हा जुन्या ड्राइव्हशी जमवून घ्यायचं म्हणून तीच पद्धत राहिली, आणि वर सी-६४ ची व्हिडिओ चिप मधेमधे प्रोसेसरला थांबवते म्हणून वेग आणखी कमी करावा लागला. व्हिक-२० चा १५४० ड्राइव्ह आणि सी-६४ चा १५४१ यांच्यात मुख्य फरक रॉमचाच! आजही १५४१ ला UI- अशी कमांड दिली की तो व्हिक-२० च्या जलद टायमिंगवर जातो. म्हणजे रॉम बदलून ड्राइव्ह स्लो करता येतो तर रॉम बदलून फास्टही करता येणारच, आणि लोकांनी तेव्हाच केलाय. अशा फास्ट रॉममधलं जिफीडॉस हे सगळ्यात प्रसिद्ध. एक चिप ड्राइव्हमध्ये, एक कॉम्प्युटरमध्ये कर्नलच्या (त्याच्या मूळ सिस्टिम प्रोग्रामच्या रॉमच्या) जागी, केबल तीच. (डॉल्फिनडॉस, स्पीडडॉस हेही आहेत आणि जास्त फास्ट आहेत, पण त्यांना वेगळी पॅरलल केबल ओढावी लागते, मला ते नको होतं.)

तर अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून दोन चिप आणि (जुनी की नवी रॉम ते निवडायला) दोन छोटे स्विच मागवले. आठवड्याभरात जर्मनीत पोचले पण. इथपर्यंत मी खूश.

मग घरी पार्सलच्या ऐवजी पत्र आलं. पार्सल कस्टममध्ये थांबवलंय, बाहेर इनव्हॉइस लावलेलं नाही, ओळखपत्र, बिल, पेमेंटचा पुरावा आणि हे पत्र घेऊन स्वतः या. ठरावीक दिवसांत नाही आलात तर परत पाठवू. ऑफिस कुठे, तर शहराच्या बाहेर इंडस्ट्रियल एरियात, बस तासाला एक, आणि ऑफिस दुपारीच बंद. नोकरी करणाऱ्या माणसाने कधी जायचं हा प्रश्न तिथे कोणाला पडलेला दिसत नाही.

हाफ डे टाकून गेलो. नंबरचं तिकीट घेतलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. माझ्या पुढे एकजण बुटांचे बॉक्स सोडवत होता, एक बाई कुठल्यातरी क्रीमवरून वाद घालत होती. नंबर आला. काउंटरमागच्या साहेबांनी पार्सल आणलं, कटर माझ्या हातात दिला, तुम्हीच उघडा म्हणाले. उघडलं. आत काळ्या फोममध्ये खोचलेल्या दोन चिपा. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "हे काय आहे?"

आता इथे मी दोन वाक्यांत संपवायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण विचारलं तर सांगणार ना. म्हटलं जुन्या फ्लॉपी ड्राइव्हची रॉम आहे. फ्लॉपी ड्राइव्हला रॉम कशाला? म्हटलं हा ड्राइव्ह स्वतःच एक कॉम्प्युटर आहे, आत ६५०२ प्रोसेसर आहे, २ केबी रॅम आहे, १६ केबीची रॉम आहे, त्या रॉममधलं डॉस फायली शोधणं, लिहिणं, हेड हलवणं सगळं स्वतः बघतं, कॉम्प्युटर नुसता हुकूम सोडतो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, म्हणजे हे सॉफ्टवेअर आहे की हार्डवेअर?

प्रश्न चुकीचा नाही हो, पण त्या प्रश्नावर किती वेळ गेला असेल! सुटी चिप धरली तर टॅरिफमध्ये (कस्टमच्या मालाच्या कोड-यादीत) ८५४२ खाली, इंटिग्रेटेड सर्किट. आत भरलेल्या प्रोग्रामचे पैसे दिलेत असं धरलं तर ८५२३ कडे बघायचं का, रेकॉर्ड केलेलं मीडिया. त्यांनी आतल्या खोलीतून दुसऱ्या बाईंना बोलावलं, दोघांनी मिळून स्क्रीन बघितली. आणि मुद्दा असा की तेव्हा १५० युरोच्या आतल्या मालाला ड्युटी मुळात नव्हतीच, काहीही धरलं तरी भरायचा तो फक्त १९ टक्के व्हॅट. माझं बिल शिपिंग धरून सत्तर युरोच्या आसपास. म्हणजे तेरा युरो आणि वर काही सेंट. ही रक्कम मी पहिल्याच मिनिटाला काउंटरवर ठेवायला तयार होतो.

मग पेमेंटचा पुरावा. ऑर्डर माझ्या नावावर, कार्ड बायकोचं. तिने लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. "ह्या कोण?" बायको. "मग नाव वेगळं?" आमच्याकडेही असं असतं हो आता, म्हटलं. तर नाही, त्यांना तिचं पत्र हवं, सहीनिशी, तिच्या ओळखपत्राच्या कॉपीसकट, आणि मोबाइलमधला स्क्रीनशॉट नको, बँकेचं स्टेटमेंट हवं. पार्सल परत आत गेलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सही करते, पण आता ती कमोडोरची पेटी हॉलमधून उचलायची." उचलली.

परत गेलो, या वेळी सगळे कागद फोल्डरमध्ये. वाटलं आता झालं. काउंटरवर वेगळा माणूस, तरुण, जास्तच तत्पर. त्याने स्विच उचलून पाहिले, वायरी पाहिल्या, आणि विचारलं, सीई मार्क (युरोपचे नियम पाळल्याची खूण) कुठंय? मी म्हटलं सुट्या चिपवर सीई नसतं, ते तयार उपकरणावर असतं, ही चिप एकटी टेबलावर ठेवली तर काही करत नाही. तो म्हणाला तुम्ही म्हणताय ते बरोबर असेलही, पण हे ठरवायचा अधिकार मला नाही, बाजारात येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मालावर नजर ठेवणारं वेगळं खातं आहे, त्यांच्याकडे विचारणा पाठवतो, उत्तर आलं की कळवू. किती दिवस? ते सांगता येत नाही. म्हणजे ज्या ड्राइव्हचं डिझाइन इलेक्ट्रॉनिक मालाला सीई मार्क सक्तीचा व्हायच्या आधीचं, १९८८ च्या सुमाराचं, त्याच्या एका चिपसाठी २०२० नंतरच्या माणसाने वाट बघायची. तेव्हा मात्र मी आवाज चढवला, अर्थात जर्मनमध्ये आवाज चढवायचा म्हणजे क्रियापद वाक्याच्या शेवटी बरोबर येईल ना याची काळजी घेत चढवायचा, त्यामुळे त्यात काही दम राहत नाही.

मग नुसतं थांबणं. फोन केला तर टेप लागते, मेल केला तर ऑटो रिप्लाय. त्या काळात मी ड्राइव्हचं हेड अल्कोहोलने पुसून ठेवलं, जुन्या फ्लॉप्यांच्या कॉप्या काढल्या, म्हणजे थोडक्यात वेड्यासारखा त्याच ४०० बाइटवर बसून राहिलो. शेवटी एके दिवशी एका ओळीचा मेल आला की हरकत नाही, घेऊन जा. कारण काही दिलेलं नाही. गेलो, तेरा युरो भरले, सही केली. तो पहिला चष्मेवाला साहेबच होता, पार्सल देताना म्हणाला, आमच्याकडेही होता हो सी-६४, पण आमच्याकडे फक्त कॅसेट होती. अरे मग आधी बोलायचंस ना!

यातून ज्यांना मागवायचंय त्यांच्यासाठी: विक्रेत्याला आधीच लिहा की इनव्हॉइस पार्सलच्या बाहेर पारदर्शक पाकिटात लाव. वस्तूचं नाव "रॉम" एवढंच नको, "जुन्या कॉम्प्युटरसाठी मेमरी चिप, सुटा भाग" असं स्पष्ट हवं. कार्ड आणि ऑर्डर एकाच नावावर. गिफ्ट लिहायला सांगू नका, दुकानाकडून आलेलं पार्सल गिफ्ट धरत नाहीत आणि संशय वाढतो तो वेगळाच. विक्रेता युरोपचा व्हॅट ऑर्डरच्या वेळीच कापून घेत असेल तर डोळे झाकून तो पर्याय घ्या, जुलै २०२१ पासून तशी सोय आहे. आणि घरी ईप्रॉम प्रोग्रामर (कोऱ्या रॉम चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र) असेल तर चिप मागवूच नका, जिफीडॉसची इमेज पैसे देऊन डाउनलोड मिळते, ती घ्या आणि स्वतः बर्न करा, १५४१-टू मध्ये २८ पायांचं सॉकेट असल्याने २७१२८ नंबरची ईप्रॉम सरळ बसते. फाइलला कस्टम नाही.

बसवायचं काम एका संध्याकाळी निवांत झालं. ड्राइव्हच्या बोर्डवर २५१९६८ ने सुरू होणारा नंबर असलेली चिप शोधायची, पातळ स्क्रू ड्रायव्हरने एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने थोडी थोडी उचलायची, नवी बसवताना खाच त्याच दिशेला. माझ्या नशिबाने ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे चिपा सॉकेटमध्ये होत्या, सोल्डर केलेल्या असतील तर हे काम वेगळ्या माणसाचं. स्विचसाठी केसला भोक पाडायला माझं मन झालं नाही, वायर मागच्या फटीतून बाहेर काढली.

हे खरं वर यायला हवं होतं: ऑर्डर करायच्या आधी कॉम्प्युटर उघडून बघा. जुन्या सी-६४ मध्ये कर्नलची ८ केबीची २४ पायांची चिप वेगळी असते, नंतरच्या छोट्या बोर्डात बेसिक भाषा आणि कर्नल मिळून एकच १६ केबीची २८ पायांची चिप आहे. बाहेरच्या केसवरून अंदाज बांधू नका, बोर्डच बघा. ड्राइव्हचंही तेच, पहिल्या १५४१ मध्ये रॉमच्या दोन चिपा असतात २४ पायांच्या, तिथे साधी ईप्रॉम बसत नाही, अडॅप्टर लागतो.

चालू केलं, निळ्या स्क्रीनवर जिफीडॉस ६.०१ आलं. नुसतं @ टाइप करून एंटर मारलं की ड्राइव्हचं स्टेटस, एफ-वन दाबलं की डिरेक्टरी, आणि मेमरीतला प्रोग्राम पुसला जात नाही, पूर्वी डिरेक्टरी बघितली की तो पुसला जायचा आणि त्याने मी फार वैतागलो होतो. तोच दोन मिनिटांवाला गेम वीसेक सेकंदात आला. मी परत परत लोड केला, खेळलो नाहीच.

स्विच दिलाय तो शोभेला नाही. काही गेम स्वतःचं फास्टलोडर (जलद लोड करायचा प्रोग्राम) घेऊन येतात आणि त्यांना ड्राइव्हमध्ये ओरिजिनल रॉमच लागते, तिथे अडकलं तर स्विच उलटा करून ड्राइव्ह बंद-चालू करा. जिफीडॉसच्या कर्नलमध्ये जागा करायला कॅसेटचा कोड काढून टाकलाय, त्यामुळे टेपवरून काही लोड करायचं तर कॉम्प्युटरचा स्विचही मागे न्यावा लागतो. सीनियरला हे सांगितलं तर त्याने दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा कॅसेट प्लेअर आणि टेपांनी भरलेला बॉक्सही आणून दिला, तो आता बेडरूममध्ये कपाटाच्या मागे आहे, हॉलमध्ये नाही.