‘वर्ग कसा सांभाळाल?’ : शिक्षक भरतीच्या मुलाखतीचा माझा अनुभव

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ या सरकारी पोर्टलवरचे शाळांचे पसंतीक्रम याबद्दल सांगणारे खूप भेटतात. पण ‘मुलाखतीसह’ पर्यायात खासगी अनुदानित शाळा मिळाली, की पुढे अध्यापन कौशल्य आणि मुलाखतीचे ३० गुण असतात. त्यांची तयारी कशी करायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. शाळा दापोली तालुक्यातली, अगदी किनाऱ्यालगतची.

अध्यापन कौशल्यासाठी वर्गात घेऊन दाखवायचा पाठ सातवीच्या विज्ञानाचा होता. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की मागच्या बाकापर्यंत आवाज पोचणं शक्यच नव्हतं. मी आवाज चढवला नाही. हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं, हे सुरुवातीलाच ठरवून घेतलं. सूचना फळ्यावर लिहिल्या, जोड्या लावल्या आणि बाकांमधून फिरत राहिले. गलबला होता, पण तो कामाचा होता. मुख्याध्यापिका माझ्यापेक्षा मुलांच्या वह्यांकडेच जास्त बघत होत्या.

मुलाखतीत विषयाचं थोडंच विचारलं, बाकी सगळं वर्गाबद्दल. ‘हंगामात पहाटे बंदरावर मासळी निवडून आलेलं पोर पहिल्या तासाला झोपलं, तर?’ मी म्हटलं, चारचौघांत उभं करणार नाही. तोंड धुऊन यायला सांगेन, वह्या वाटण्यासारखं काहीतरी काम देईन, तास संपल्यावर बाजूला घेऊन विचारेन. रोजच होत असेल तर घरी जाऊन आईवडिलांशी बोलेन.

मुलाखत समितीचे अध्यक्ष म्हणाले, ‘आमच्या वेळी एक छडी पुरायची.’

‘सर, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षाही चालत नाही आणि मानसिक त्रासही. टोचून बोलणंसुद्धा मी टाळेन.’ त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

‘मुलांना प्रेमाने समजावेन’ एवढ्यावर हे लोक थांबत नाहीत, आणि थांबूही नये असं मला मनापासून वाटतं. त्यांना क्रम हवा असतो: आधी काय कराल, नाही जमलं तर काय, कुणाला कळवाल.

शेवटी मीही विचारलं, ‘एखादं मूल माझ्याकडून आवरलं नाही, तर शाळा काय करते?’ मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘आधी वर्गशिक्षक आणि तुम्ही मिळून पालकांना भेटा. तरीही अडलं तर माझ्याकडे या. पण मुलाला वर्गाबाहेर उभं करायचं नाही, हे सगळ्यांना सारखं.’ त्यांनी बोलवलं तर इथेच रुजू व्हायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.